समुद्रतळाच्या पहिल्या शंभर मीटरचा हिशेब कोण मागणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अरबी समुद्रात किंवा कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेल-वायूचा नवा साठा सापडला की साठ्याची खोली, रोजची पिंपे, गुंतवणुकीचे कोटी असे सगळे छापून येते. साठा असतो तळाखाली दीड-दोन किलोमीटरवर, कधी त्याहून खाली. विहीर खोदणारी रिग मात्र उभी राहते वरच्या तीस-चाळीस मीटर गाळावर. प्लॅटफॉर्मचे पाइल, म्हणजे तळात ठोकलेले पायाचे खांब, शंभर-सव्वाशे मीटरवर थांबतात. आणि विहिरीच्या सुरुवातीच्या दिवसांतला सर्वांत वाईट धोका असतो पहिल्या हजार मीटरच्या आत दडलेल्या वायूच्या एखाद्या लहानशा कप्प्याचा. या वरच्या भागाबद्दल बातमीत एक ओळ नसते. ती असावी, आणि ती लिहिता येईल एवढी माहिती सरकारने खुली करावी, म्हणून हे पत्र.

जळगाव-धुळ्याच्या माणसांनी समुद्रतळाची चौकशी का करावी, असा प्रश्न येईल. जळगावाहून सुरत रेल्वेने तीनशे किलोमीटर, समुद्र त्याच्याही पुढे. पण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी जे वायूक्षेत्र आहे त्याचे नावच मुळी 'मध्य आणि दक्षिण ताप्ती'. तिथला चिखल मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहत आलेल्या तापीने आणि शेजारच्या नर्मदेने टाकलेला आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा, अनेर यांनी धुऊन नेलेली काळी माती त्यात आहे. १९७२मध्ये उकाई धरण झाल्यापासून पुष्कळ गाळ तिथेच अडतो, हे खरे. पण आखाताच्या तळाशी बसलेला गाळ धरणाच्या हजारो वर्षे आधीचा आहे.

ही काळी माती म्हणजे काय ते कपाशीवाल्याला वेगळे सांगायला नको. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन त्यात स्मेक्टाइट नावाचे चिकणखनिज तयार होते. ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते, म्हणून मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच खनिज आखाताबाहेरच्या आणि मुंबईच्या उत्तरेकडच्या उथळ समुद्राच्या तळावर भरपूर सापडते. फरक एवढाच, की तिथे त्याला वाळायची संधी कधी मिळत नाही. पाणी धरून बसलेल्या या मातीची कातरताकद, म्हणजे भाराखाली घसरून न जाण्याची ताकद, तळाच्या वरच्या अर्ध्या-एक मीटरात २ ते ५ किलोपास्कल असते. उभ्या माणसाच्या दोन पावलांखाली सुमारे २० किलोपास्कल दाब पडतो, आणि अशी माती आपल्या कातरताकदीच्या पाचपटीच्या आसपास दाब पेलते. म्हणजे २ किलोपास्कलच्या चिखलात माणूस घोट्याच्या वर रुतणार. आता त्याच तळावर एका पायावर तीन-चार हजार टन भार टाकणारी जॅक-अप रिग आणून ठेवायची आहे.

जॅक-अप म्हणजे तीन पायांची तरंगती रिग. ठिकाणावर आली की पाय खाली सोडते आणि स्वतःचे धड पाण्याबाहेर उचलते. प्रत्येक पायाखाली 'स्पडकॅन' असते, दोन तवे तोंडाला तोंड लावून ठेवावेत तशा आकाराचे, दहा ते अठरा मीटर व्यासाचे. चौदा मीटरचे धरले तर चौरस मीटरमागे वीस ते पंचवीस टन भार आला. मऊ चिकणमातीत तो पेलणारा थर पंधरा-वीस मीटर खाली मिळतो आणि पाय तिथवर हळूहळू रुतत जातो. हे अपेक्षितच असते, त्यात भिण्यासारखे काही नाही. भीती असते ती वर कडक पापडी आणि खाली मऊ माती अशा जोडीची. पाय पापडीवर बसतो, भार पेलला जातो, सगळे ठीक दिसते. मग भार थोडा वाढला की पापडी फुटते आणि पाय काही सेकंदांत कित्येक मीटर खाली जातो. उरलेले दोन पाय जागेवरच असल्याने धड कलते, पायांच्या तिरप्या पट्ट्या वाकतात, आणि कोट्यवधींची रिग गोदीत जाते. इंग्रजीत याला पंच-थ्रू म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर वरून सुकलेल्या रानात बैलाचा पाय जसा अचानक आत जातो, तसेच.

ही पापडी समुद्राखाली आली कुठून? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. बॉम्बे हायवर आज ७५ मीटरच्या आसपास पाणी आहे. म्हणजे तो सगळा भाग तेव्हा उघडी जमीन होता. उन्हाने माती कडक झाली, चुना वर येऊन थर घट्ट झाला, आणि पश्चिम घाटाच्या व गुजरातच्या नद्या त्या पठारावर आपली पात्रे कोरत पुढे गेल्या. नंतर समुद्र वर चढला, पात्रे मऊ गाळाने भरली, आणि सगळ्यावर सपाट चिखलाची चादर पसरली. वरून पाहाल तर तळ कॅरमबोर्डासारखा. चार मीटर खाली एका बाजूला कडक जुनी जमीन, आणि पन्नास मीटरवर पंधरा मीटर खोल भरलेला जुना नाला.

यावल, रावेर, चोपडा पट्ट्यात ज्याने बोअर घेतले आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे लागतात, तापीकडे सरकाल तसा गाळ वाढतो, आणि एका शेतात वाळू लागली म्हणून बांधापलीकडच्या शेतात लागेलच असे नाही. तरीही समुद्रात अनेकदा रिगच्या जागेच्या मधोमध एकच बोअरहोल घेऊन तिन्ही पायांचा अंदाज बांधला जातो. पाय एकमेकांपासून चाळीस-पन्नास मीटर दूर असतात. एक पाय जुन्या काठावर आणि दुसरा भरलेल्या पात्रात पडला, तर पहिला तीन मीटर रुतेल आणि दुसरा बारा. म्हणून जिथे भरलेले पात्र दिसते तिथे तिन्ही पायांच्या जागी किमान शंकूचाचणी तरी घ्यायला हवी.

शंकूचाचणी म्हणजे ६० अंशांच्या टोकाचा, १० चौरस सेंटिमीटर छेदाचा शंकू सेकंदाला २ सेंटिमीटर या ठरावीक वेगाने मातीत दाबत नेणे. टोकावरचा विरोध, बाजूच्या बाहीवरचे घर्षण आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब असे तीन आकडे सलग मिळत जातात. हाताने काढलेल्या नमुन्यात दोन नमुन्यांमधला अर्ध्या मीटरचा कडक थर निसटतो, शंकूत तो निसटत नाही. पण शंकूने माती दिसत नाही, म्हणून नमुनेही हवेत. बोअरहोल किती खोल घ्यायचे याचा अंगठेनियम असा, की स्पडकॅन जिथवर रुतेल असे वाटते त्याच्या खाली आणखी दीड व्यास. चौदा मीटरच्या स्पडकॅनला वीस-एक मीटर. इथे काटकसर केली की पापडीखालची मऊ माती अहवालात येतच नाही, कारण बोअर पापडीतच थांबलेले असते.

माती कळली तरी उरतो तो प्रीलोड. रिगच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून प्रत्येक पायावर वादळात येईल त्याहून जास्त भार आधीच टाकून पाहायचा. आयएसओ १९९०५-१ हे मानक याचे गणित सांगते, पण हाताळणीतली एक गोष्ट रिगवरच्या लोकांनी गाठीशी बांधावी: पापडीचा संशय असेल तर प्रीलोड करताना धड पाण्यातच ठेवावे, किंवा पाण्यापासून मीटर-दीड मीटरहून वर नेऊ नये. पाय गेलाच तर धड पाण्यावर टेकते आणि पडणे तिथेच थांबते. दहा मीटर वर उचलून प्रीलोड केला तर मग काही हातात राहत नाही. एकेक पाय वेगळा दाबावा, आणि पूर्ण भार आल्यावर पाय रुतणे थांबेपर्यंत थांबावे. घड्याळाकडे पाहून पाणी सोडून देणे, कारण रिगचे भाडे दिवसाला मोजले जाते, ही यातली नेहमीची चूक.

जुन्या प्लॅटफॉर्मजवळ आणखी एक अडचण असते. आधी येऊन गेलेल्या रिगच्या पायांचे खड्डे तळावर राहतात. नव्या रिगचे स्पडकॅन त्या खड्ड्याच्या कडेवर अर्धे आले की ते खड्ड्याकडे घसरते आणि पाय वाकतो. म्हणून प्रत्येक रिग गेल्यावर तिच्या तिन्ही पायांचे अक्षांश-रेखांश आणि रुतण्याची खोली नोंदवून पुढच्याला देणे ही साधी शिस्त आहे. वेगवेगळ्या कंत्राटदारांच्या हातून गेलेल्या जुन्या क्षेत्रात ही कागदपत्रे सापडत नाहीत तेव्हा सोनार घेऊन खड्डे शोधत बसावे लागते.

काळ्या चिखलाचा पट्टा किनाऱ्यापासून साधारण पन्नास-साठ मीटर पाण्यापर्यंत असतो. त्याच्या बाहेर, बॉम्बे हायच्या बाजूला, तळाचा स्वभाव बदलतो. तिथे शिंपले, प्रवाळ आणि चुन्याच्या बारीक गोळ्यांची जुनी चुनखडी वाळू आहे. हाताला ती नेहमीच्या वाळूसारखीच लागते, पण दाणे आतून पोकळ, ठिसूळ. पाइल ठोकताना दाणे चुरतात, पाइलच्या अंगाला चिकटून बसायला हवी ती वाळू मागे हटते, आणि घर्षण नावापुरते उरते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मवर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असेच झाले. काही पाइल स्वतःच्याच वजनाने सुमारे ६० मीटर खाली निघून गेले, आणि पुढे पाया दुरुस्त करायला प्रचंड खर्च आला. तोवर पाइलची सूत्रे बेतली होती ती नेहमीच्या टणक सिलिका वाळूवर. आपल्या पश्चिम समुद्रात चुनखडी वाळू ओळखणे तसे सोपे आहे. नमुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. पण नुसते 'चुना आहे' एवढे पुरत नाही. किती टक्के चुना, दाणे किती चिकटलेले आणि चिकटलेल्या थराखाली सुटी वाळू आहे का, हे तिन्ही लागते. तिथे ठोकलेल्या पाइलऐवजी आधी भोक पाडून सिमेंट ग्राउट भरलेला पाइल घेणे महाग पडते, पण टिकते.

आता सर्वेक्षण. इथे एक गैरसमज सरकारी कागदांतही डोकावतो: तेल शोधताना त्रिमितीय सेस्मिक, म्हणजे ध्वनिलहरी सोडून थरांचे चित्र काढण्याचे काम, केलेच आहे, मग तळाचे वेगळे सर्वेक्षण कशाला? उत्तर लहरीच्या लांबीत आहे. तेलशोधाच्या सेस्मिकची मुख्य वारंवारिता ३०-४० हर्ट्झच्या आसपास असते. वरच्या मातीत ध्वनीचा वेग सेकंदाला दोन हजार मीटर धरला तर लहर पन्नास मीटरची झाली, आणि थर वेगळा दिसायला तो लहरीच्या चौथ्या भागाएवढा तरी जाड लागतो. म्हणजे बारा-तेरा मीटर. दोन मीटर जाडीचा वायूचा थर त्यात निसटू शकतो, आणि रिग उलटवायला दोन मीटर पुरतात. उच्च-विभेदन सेस्मिक १५०-२०० हर्ट्झवर चालते, नमुने मिलिसेकंदाला किंवा अर्ध्या मिलिसेकंदाला घेते, आणि तिथे तोच हिशेब अडीच ते सव्वातीन मीटरवर येतो. तळाच्या अगदी वरच्या भागासाठी साडेतीन किलोहर्ट्झचा सब-बॉटम प्रोफायलर लागतो. पाण्यात त्याची लहर ४३ सेंटिमीटरची, म्हणून वीस-तीस सेंटिमीटरचे थर प्रत्यक्षात सुटे दिसतात, पण तो वाळूत फार खोल जात नाही. मल्टिबीम तळाची उंची-खोली मोजते, साइड स्कॅन सोनार तळावरच्या वस्तूंची सावली दाखवते, मॅग्नेटोमीटर पुरलेल्या पाइपलाइन आणि लोखंडी भंगार पकडतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. विहिरीच्या जागेभोवती दोन-तीन किलोमीटरचा चौकोन, त्यात पन्नास ते शंभर मीटरवर समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा, अशी बोट चालवावी लागते. शेजारी जुनी विहीर असेल तर एक रेघ तिच्यावरून न्यायची, म्हणजे चित्रातला थर आणि त्या विहिरीत प्रत्यक्ष लागलेला थर जुळवता येतो. ही रेघ विसरली जाते तेव्हा सगळी खोली अंदाजाने येते.

खंभातच्या तोंडाशी या कामाला आणखी दोन शाप आहेत. भरती-ओहोटीचा फरक तिथे देशात सर्वांत मोठा, भावनगरकडे दहा मीटरच्या घरात. भरतीची नोंद सर्वेक्षणाच्या जागीच न घेता दूरच्या बंदराच्या तक्त्यावरून घेतली, तर खोलीत मीटर-मीटरची चूक येते. दुसरे म्हणजे नदीचे गोडे पाणी. पावसाळ्यानंतर वरच्या थरात खारटपणा कमी असतो. खारटपणात एका एककाचा फरक पडला की ध्वनीचा वेग सेकंदाला सव्वा-दीड मीटरने बदलतो, तापमानात एका अंशाने तीनेक मीटरने. सकाळी एकदा वेग मोजून दिवसभर तोच वापरला, तर मल्टिबीमच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर वळतात किंवा खाली झुकतात, आणि सपाट तळावर नसलेल्या टेकड्या उगवतात. सर्वेक्षणवाले त्याला हसरा आणि रडका चेहरा म्हणतात. दोरीने ओढलेल्या सोनारचे खरे ठिकाण बोटीच्या मागे शंभर-दोनशे मीटर असते. ते दोरीच्या लांबीवरून काढले आणि प्रवाहाने सोनार बाजूला गेला, तर नकाशावरची पाइपलाइन तीस मीटर हलते. नांगर टाकणाऱ्याला तीस मीटर म्हणजे पाइपलाइन वाचणे आणि तुटणे यातले अंतर.

सर्वांत वाईट धोका वर नुसता सांगून ठेवला होता, तो उथळ वायूचा. गाळात पुरलेला पालापाचोळा कुजून मिथेन होतो, किंवा खालचा वायू भेगांतून वर येऊन वाळूच्या पातळ थरात अडकतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या आतल्या शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, वायूभरला गाळ आहे हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणांत जागोजागी दिसले आहे: प्रोफायलरच्या चित्रात थर अचानक धुरकट होतात, खालचे काहीच दिसत नाही. सेस्मिकमध्ये असा कप्पा झगझगीत ठिपका म्हणून उठतो, त्याच्या खालचे थर वाकल्यासारखे दिसतात, कारण एखादा टक्का वायूनेही ध्वनीचा वेग खूप घसरतो. हे सगळे धोक्याचे का, ते विहिरीच्या क्रमावरून कळते. आधी तीस इंची कंडक्टर पाइप तळात बसतो, मग सव्वीस इंची भोक पाडून वीस इंची केसिंग, म्हणजे विहिरीला आतून आधार देणारा पाइप, आणि त्यावर बीओपी, म्हणजे विहिरीचे तोंड बंद करणारी झडप. ती चढेपर्यंत विहीर उघडीच. समुद्राच्या पृष्ठापासून ४०० मीटर खोलीवरच्या वायूवर सुमारे ४० बार दाब असतो. वर येता येता तो चाळीसपट फुगतो. तोंड बंद करावे तर वायू केसिंगच्या बाहेरून तळ फोडून रिगच्या पायांभोवती उकळतो आणि माती पातळ होते. म्हणून डायव्हर्टरने तो बाजूला वळवतात, पण तो केवळ वेळ काढण्याचा उपाय आहे. नॉर्वेजवळ ६ ऑक्टोबर १९८५ रोजी 'वेस्ट व्हॅनगार्ड' रिगवर उथळ वायू आला, त्याच्यासोबत आलेल्या वाळूने डायव्हर्टरची वळणे थोड्याच वेळात खाऊन टाकली, स्फोट झाला, एक माणूस गेला. उत्तर समुद्रातल्या २२/४बी विहिरीत नोव्हेंबर १९९०मध्ये उथळ वायू फुटला, तळावर मोठा खड्डा पडला आणि वीस वर्षांनंतरही तिथून बुडबुडे निघत होते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे विहीर हलवणे. झगझगीत ठिपक्यापासून दोनशे मीटर बाजूला जाऊन, खाली थोडी तिरपी विहीर घेतली की बहुतेक वेळा काम भागते. ते शक्य नसेल तर आधी साडेआठ इंची पायलट भोक पाडावे. अरुंद भोकातून वायू कमी येतो आणि जड मड, म्हणजे विहिरीत सोडतात तो दाट द्रव, जोरात पंप करून तो दाबता येतो. सव्वीस इंची भोकात तेवढा मड पुरवणारे पंपच रिगवर नसतात. पायलट भोकाला एखादा दिवस जास्त लागतो, म्हणून ते टाळण्याकडे कल असतो. ज्याला भाड्याच्या दिवसाची चिंता आहे त्याने हा निर्णय घेऊ नये, सुरक्षा पाहणाऱ्याने घ्यावा.

उतारावरच्या दरडींबद्दल थोडक्यात. बॉम्बे हायचा भाग सपाट आहे, तिथे हा प्रश्न नाही. तो आहे नाशिकच्या त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या गोदावरीच्या मुखाबाहेर, जिथे खोल समुद्रात वायू निघतो. भराभर साठलेल्या गाळातले पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आणि एका अंशाच्या उतारावरही तो घसरतो. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाशी १९६९च्या कॅमिल वादळात आणि पुन्हा २००४च्या आयव्हन वादळात लाटांच्या दाबाने तळाचा चिखल सरकला आणि उभे प्लॅटफॉर्म आडवे झाले. त्यातल्या दुसऱ्या ठिकाणची तेलगळती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्यात गॅस हायड्रेटची, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेल्या वायूची, भर. २००६च्या राष्ट्रीय मोहिमेत तिथे सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला. विहिरीतून वर येणाऱ्या गरम तेलाने भोवतालचे हायड्रेट वितळले की वायू आणि पाणी सुटते आणि केसिंगचा आधार जातो. भूकंपाने घसरलेला चिखल किती दूर जातो, याचा धडा १९२९चा. १८ नोव्हेंबरला कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सला भूकंप झाला आणि समुद्राखालच्या तारा एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची तेरा तासांनी. आपल्या बाजूला मकरानचा भूकंप नोव्हेंबर १९४५चा. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

नीट तपासले तर वाईट जागेवरही काम करता येते. नॉर्वेचे ऑर्मेन लाँगे वायूक्षेत्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या स्टोरेगा दरडीच्या घळीतच आहे. १९९७मध्ये वायू सापडल्यावर ती दरड का सुटली आणि पुन्हा सुटेल का, यावर वर्षानुवर्षे काम झाले. नव्या हिमयुगाचा गाळ साठल्याशिवाय तशी दरड सुटणार नाही असा निष्कर्ष निघाला, आणि २००७मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत कोणालाही वाचायला मिळतात.

आपल्याकडे समुद्रातील कामांच्या सुरक्षेसाठी २००८चे नियम आहेत आणि ते पाहणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयही आहे. तळाचे सर्वेक्षण होत नाही असे आमचे मुळीच म्हणणे नाही; होते, आणि चांगली माणसे करतात. अडचण अशी, की ते बहुधा रिग ठरल्यावर होते. जागा, तारीख आणि भाडे आधी पक्के झाले की अहवालातले 'विहीर २०० मीटर हलवा' हे वाक्य 'काळजी घेऊन पुढे जा' असे मऊ होते. दुसरी अडचण कागदाची. जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधाचे प्रकल्प पर्यावरण मंजुरीच्या 'अ' गटातून 'ब-२' गटात गेले. उत्पादनाचे 'अ' मध्येच राहिले. 'ब-२' गटाला आघात मूल्यांकनाचा अहवाल लागत नाही, जनसुनावणीही नाही. उथळ वायूचा धोका मात्र शोधविहिरीलाच जास्त, कारण तिथे आधीची कोणतीही विहीर नसते.

आमच्या मागण्या मोजक्याच. शोधविहीर असो की उत्पादनाची, तळाच्या धोक्यांचा चार-पाच पानी सारांश रिग जागेवर येण्याआधी मराठी आणि गुजरातीत संकेतस्थळावर टाकावा. त्यात सर्वेक्षणाची तारीख, बोअरहोलची संख्या व खोली, उथळ वायूचे ठिपके आणि त्यांच्यापासून विहिरीचे अंतर असावे. व्यापारी गुपित म्हणून साठ्याची आकडेवारी झाकली तर आमची तक्रार नाही. वरच्या हजार मीटरांत गुपित ठेवण्यासारखे काही नसते. विहीर झाल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळा, पाय किती रुतले, वायू कुठे लागला, हेही त्याच जागी नोंदवावे, म्हणजे पुढच्या सर्वेक्षणाला ते कामी येईल. आणि जुनी क्षेत्रे मोडताना तर हे हवेच हवे. ताप्ती क्षेत्रातले विहिरींच्या तोंडावरचे जुने वेलहेड प्लॅटफॉर्म अलीकडे काढले गेले. असे प्लॅटफॉर्म काढताना पाइल तळाखाली काही मीटरवर कापतात, पण खंभातच्या प्रवाहात वाळूचे ढिगारे सरकत राहतात आणि आज झाकलेले बुंधे उद्या उघडे पडू शकतात. डहाणू, पालघर, वलसाडकडच्या मच्छीमारांची जाळी अडकतात ती अशा ठिकाणी. तिथला तळ दर दोन पावसाळ्यांनी पुन्हा मोजून त्याचा नकाशा मच्छीमार संस्थांना द्यायला हवा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी समुद्रातल्या नव्या विहिरीची पत्रकार परिषद असेल तेव्हा साठा किती हे विचारून झाल्यावर एवढेच विचारावे: तळाचे सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले, आणि रिगचा करार कोणत्या महिन्यात झाला? दुसरी तारीख आधीची असेल तर ती बातमीत छापावी.

आपले,
सागरी सर्वेक्षण आणि भूतांत्रिक कामातले काही खान्देशकर
जळगाव